पट्टा कुणाच्या अंगावर शिकलाय?

नगरपालिकेचे सफाई कामगार, बाजार समितीतले हमाल, ऊसतोडीच्या टोळ्या, कुपवाडच्या नाहीतर साताऱ्याच्या एमआयडीसीतले कंत्राटी कामगार, यांच्या मनगटाला हालचाल ओळखणारा पट्टा बांधावा का, हा विषय आपल्याकडं निघाला की दोन मिनिटांत दोन तट पडतात. एक म्हणतो, इमानानं काम करणाऱ्याला कसली आलीय भीती? कोण राबतं आणि कोण झाडाखाली बसतं ते एकदाचं कळू दे. दुसरा म्हणतो, माणसाच्या अंगाला पट्टा बांधणं म्हणजे वेठबिगारीच. नागपूर, चंदीगडसारख्या शहरांत सफाई कामगारांच्या हातात जीपीएसची घड्याळं बांधून झाली आहेत, तेव्हा हा वाद हवेतला नाही. पण तो घातला जातोय फार वाईट रीतीनं. पट्ट्याला सगळं कळतं, ही गोष्ट दोन्ही तटांनी न तपासताच मान्य करून टाकली आहे. एकाला तिचा आनंद आहे, दुसऱ्याला धसका. खरंच कळतं का, किती कळतं आणि कुणाच्या बाबतीत कळतं, हे विचारायला कुणी थांबत नाही.

माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. हालचाल ओळखण्याचं तंत्र खरं आहे, उपयोगाचं आहे, आणि ते आपल्याकडं यावं. मात्र ज्या कामावर ते लावायचं त्याच कामावर, ज्यांना बांधायचं त्यांच्यासारख्याच माणसांवर ते उघडपणे तपासून निघाल्याशिवाय त्याचा एकही आकडा मजुरीला, हजेरीला किंवा खाड्याला जोडता कामा नये. आणि तपासून निघालं तरी नोंदीची पहिली प्रत कामगाराच्या हातात गेली पाहिजे.

पट्ट्याच्या आत असतं काय, ते आधी पाहू. ॲक्सेलरोमीटर नावाच्या चिपमध्ये सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा तशाच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. हात हलला की तो किंचित मागं राहतो, शेजारच्या पात्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं, त्याबरोबर विद्युतधारिता बदलते आणि चिप तो बदल आकड्यात सांगते. तीन दिशांचे तीन आकडे. टेबलावर निवांत पडलेला पट्टासुद्धा शून्य दाखवत नाही, तो एक जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढं त्वरण (दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद) दाखवतो, कारण टेबलानं त्याला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पेलून धरलेलं असतं. पट्टा कुठल्या बाजूला कललाय हे यावरूनच समजतं. जोडीला जायरोस्कोप असला तर वळण्याचा वेगही मिळतो, पण तो ॲक्सेलरोमीटरच्या कैक पट वीज खातो, म्हणून स्वस्त पट्ट्यांत तो बऱ्याचदा नसतो किंवा बंद ठेवलेला असतो. यापलीकडं पट्ट्याला काही दिसत नाही. डोक्यावरचं वजन दिसत नाही, पायाखालचा चिखल दिसत नाही, आणि हातात खराटा आहे की मोबाइल हेही दिसत नाही. ते सगळं तो आकड्यांच्या हेलकाव्यावरून ताडतो.

ताडण्याची रीत ठरलेली आहे. सेकंदाला साधारण ५० वेळा रीडिंग घ्यायचं, सलग रीडिंगचे दोन-अडीच सेकंदांचे तुकडे पाडायचे (धंद्यात त्याला विंडो म्हणतात), प्रत्येक विंडोची सरासरी, चढउतार, वारंवारता अशी गुणवैशिष्ट्यं काढायची आणि त्यावरून 'चालतोय', 'बसलाय' असं लेबल चिकटवायचं. अलीकडची न्यूरल नेटवर्क गुणवैशिष्ट्यं स्वतःच शोधतात, पण लेबल तर त्यांनाही माणसानंच पुरवावं लागतं, कारण लेबल लावलेली उदाहरणं पाहूनच ही ताडणारी यंत्रणा, म्हणजे मॉडेल, शिकते. या शाखेत जगभरचे विद्यार्थी ज्या माहितीसंचावर हात बसवतात तो २०१२ सालचा यूसीआय हार (ह्यूमन ॲक्टिव्हिटी रेकग्निशन, म्हणजे माणसाची हालचाल ओळखणं, याचं ते लघुरूप). १९ ते ४८ वयाच्या ३० स्वयंसेवकांच्या कमरेला सॅमसंग गॅलेक्सी एस टू फोन बांधून तो गोळा केला. ५० हर्ट्झचं रीडिंग, २.५६ सेकंदांची विंडो, म्हणजे एका विंडोत १२८ रीडिंग, शेजारच्या दोन विंडो एकमेकींवर निम्म्या चढलेल्या, प्रत्येकीची ५६१ गुणवैशिष्ट्यं, एकूण १०,२९९ विंडो. आणि ओळखायच्या क्रिया किती? सहा. चालणं, जिना चढणं, जिना उतरणं, बसणं, उभं राहणं, आडवं होणं. यावर ९५ टक्क्यांच्या पुढं अचूकता काढणं आता अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट झाला आहे. माहितीपत्रकात जो ठळक टक्का छापून येतो, तो बहुतेक अशाच कुठल्यातरी संचावरचा असतो.

पट्ट्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांची जी बाजू खरोखर भक्कम आहे ती नाकारायचं कारण नाही. आजची हजेरी तरी कुठं चोख आहे? कागदावर असलेले आणि रस्त्यावर नसलेले कामगार कुठल्या गावाला ठाऊक नाहीत? मस्टर मुकादमाच्या हातात असतं, आणि मुकादमाची मर्जी हे काही वैज्ञानिक माप नव्हे. तंत्र कच्चं आहे असंही म्हणता येणार नाही. ब्रिटनच्या यूके बायोबँकनं २०१३ ते २०१५ या काळात एक लाखाहून जास्त लोकांच्या मनगटाला आठवडाभर सेन्सर बांधले, आणि झोप, बैठं आयुष्य, हृदयविकार यांबद्दल त्यातून जे कळतंय ते प्रश्नावलीतून कळणारं नव्हतंच. 'रोज किती चालता?' या प्रश्नाला माणूस खरं उत्तर देत नाही, आणि मुद्दाम खोटं बोलतो असंही नाही. त्याला ते माहीतच नसतं. मिरजेत गुडघ्याची शस्त्रक्रिया करून जतला किंवा पंढरपूरला घरी गेलेला रुग्ण तिसऱ्या आठवड्यात रोज किती वेळा उठतो-बसतो, हे मांडीवरचा एक छोटा सेन्सर फोनवरच्या 'बरं आहे डॉक्टर' पेक्षा खूप चांगलं सांगेल. हे सगळं मान्य. पण रुग्णालयातली चूक आणि मजुरीतली चूक यांची किंमत एकच माणूस मोजतो का? एक लाख लोकांच्या सरासरीत दहाजणांची नोंद चुकली तर निष्कर्ष हलत नाही. मजुरी मात्र सरासरीला मिळत नाही, ती एकेकाला मिळते.

आता त्या ९५ टक्क्यांचा हिशेब करू. आठ तासांची पाळी म्हणजे २८,८०० सेकंद. विंडो निम्म्या एकमेकींवर चढलेल्या, म्हणून दर १.२८ सेकंदाला एक नवं लेबल पडतं. दिवसाची लेबलं झाली २२,५००. त्यातली पाच टक्के चुकीची, म्हणजे १,१२५. त्यांचा वेळ धरला तर २४ मिनिटं. महिन्याच्या २६ दिवसांत दहा तासांच्या वर, म्हणजे सव्वा दिवसाहून जास्त काम चुकीच्या खात्यात. आणि ही चूक सगळ्यांमध्ये सारखी वाटली जात नाही, खरी मेख तिथं आहे. ज्याची चालण्याची ढब संचातल्या माणसांसारखी, त्याच्या वाट्याला एक टक्का येतो. जो लंगडतो, जो डावखुरा आहे, जी बाई नऊवारी नेसून काम करते, तिच्या वाट्याला वीस येतात. सरासरी तरीही ९५ टक्के! घसरून पडल्याची सूचना देणारे पट्टे घेतले तर हिशेब आणखी बोचतो. दर हजार विंडोमागं एकच खोटी सूचना निघाली, म्हणजे ९९.९ टक्के बरोबर, तरी एका पाळीत बावीस-तेवीस खोटे गजर होतात. तिसऱ्या दिवशी सुपरवायझर गजर बंद करून ठेवतो आणि चौथ्या दिवशी कुणी खरंच पडलं तर ते कुणाला कळत नाही.

शिवाय हा टक्का काढतात कसा? एकाच माणसाच्या विंडो शिकवण्याच्या गठ्ठ्यातही टाकायच्या आणि परीक्षेच्या गठ्ठ्यातही टाकायच्या, हा या क्षेत्रातला सगळ्यात जुना घोळ. त्यात विंडो निम्म्या एकमेकींवर चढलेल्या, म्हणजे परीक्षेतल्या विंडोचा अर्धा भाग मॉडेलनं आधीच पाहिलेला. बोर्डाचा पेपर आदल्या रात्री हातात पडलेल्या मुलाच्या गुणांना जी किंमत, तीच या टक्क्याला. यूसीआय हारवाल्यांनी निदान २१ माणसं शिकवायला आणि ९ वेगळी माणसं तपासायला ठेवली, हे त्यांच्या पदरात टाकायला हवं. खरी कसोटी याच जातीची: एक माणूस पूर्ण बाजूला काढायचा, बाकीच्यांवर शिकवायचं, आणि त्या न पाहिलेल्या माणसावर तपासायचं. असं प्रत्येकाच्या बाबतीत करायचं. एमआयटीमध्ये २००४ साली वीसजणांवर, पाच-पाच सेन्सर बांधून, वीस क्रियांचा एक गाजलेला प्रयोग झाला. एकंदर अचूकता ८४ टक्के आली आणि मांडी व मनगट एवढे दोनच ठेवले तरी ती फारशी घसरली नाही. याच प्रयोगात हेही दिसलं की काही क्रिया दुसऱ्यांच्या माहितीवर शिकूनही नीट ओळखता येतात, तर काहींसाठी त्या त्या माणसाचीच माहिती लागते. इतक्या वर्षांमागचा हा निष्कर्ष पट्टे विकणाऱ्यांच्या माहितीपत्रकात तुम्हाला कधी दिसला का?

यावर ठरलेलं उत्तर येतं: माहिती वाढवा, मॉडेल सुधारेल. हे उत्तर कुठं लागू पडतं आणि कुठं नाही, हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेल्या संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्म्यांनी पिकांच्या बाबतीत दाखवून ठेवलं आहे. १९४० च्या दशकात देशातल्या पिकांचं उत्पन्न अंदाजायचं कसं, यावर संख्याशास्त्रज्ञांत जोरदार वाद होता. महालनोबिसांचा कल शेतात छोटे छोटे तुकडे घेऊन तेवढंच पीक कापण्याकडं होता. स्वस्त, झटपट, आणि भरपूर ठिकाणी करता येणारं. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान असला की कडेवरची रोपं कापणाऱ्याच्या हातून आतच धरली जातात आणि उत्पन्न हटकून जास्त दिसतं. ही चूक एका दिशेनं होणारी आहे. तुकडे शंभराचे हजार केले तरी ती तिथंच राहते, उलट आकडा जास्त ठाम दिसायला लागतो. पट्ट्यांचं नेमकं हेच आहे. युरोपातल्या प्रयोगशाळेत बूट घालून गुळगुळीत फरशीवर चालणाऱ्यांची माहिती दहापट केली म्हणून तासगावच्या द्राक्षबागेत अनवाणी चालणारी बाई तिच्यात येत नाही. कुणाला गाळलंय हे न पाहता नुसती बेरीज वाढवणं हा अंदाज सुधारण्याचा मार्ग नाही, आणि हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसानं सांगून पाऊणशे वर्षं झाली.

गाळलं काय जातं हे पाहायला खुरपणीचं काम जवळून पाहावं. बाई उकिडवी बसलेली. उजव्या हातातल्या खुरप्याचे आखूड झटके, डाव्या हातानं तण उपटून बाजूला, आणि दर काही सेकंदांनी न उठता एक पाय पुढं, मग दुसरा. तासामागून तास. कमरेचा सेन्सर सांगणार: धड जवळजवळ स्थिर, म्हणजे बसलेली. यूसीआय हारमध्येच कमरेवरून 'बसणं' आणि 'उभं राहणं' एकमेकांत मिसळतं, कारण दोन्ही स्थितींत धड उभंच असतं. मांडीवर सेन्सर असला तर खुर्चीवरची मांडी आडवी आणि उभ्या माणसाची मांडी सरळ, एवढा फरक लगेच दिसतो. पण उकिडव्या बसलेल्या बाईची मांडी ना आडवी ना उभी, आणि सहा लेबलांच्या यादीत उकिडवं बसणं नाहीच! यादीबाहेरचं काही दिसलं तर 'मला माहीत नाही' म्हणण्याची सोय बहुतेक मॉडेलमध्ये नसते. सहापैकी एक लेबल त्याला चिकटवावंच लागतं, आणि तेही बऱ्याचदा भरघोस आत्मविश्वासाच्या आकड्यासह. शेतीतल्या सगळ्यात कंबरतोड कामाची नोंद अशी 'बैठी' म्हणून होणार. त्यात मनगटावर हिरवा चुडा असला की पट्टा वर सरकतो, ढिला राहतो, आणि बांगड्या आपटून रीडिंगमध्ये उभे टोकदार झटके उठतात. प्रयोगशाळेतल्या स्वयंसेवकांच्या हातात बांगड्या कुठून असणार?

सांगलीच्या हळदीच्या यार्डात हमाल पोतं पाठीवर घेतो तेव्हा दोन्ही हात मागं वर पोत्याला लागलेले असतात. मनगट झुलतच नाही. मनगटी पट्टा पावलं मोजतो ती हाताच्या झोक्यावरून, त्यामुळं रिकाम्या हातानं परत येतानाची पावलं भरणार आणि ओझ्यासकटची गळणार. हातगाडी ढकलणाऱ्याचं तेच. ज्या वेळात खरं काम झालं तोच वेळ नोंदीतून उणा. याच्या उलट, खड्ड्यांच्या रस्त्यावरून मोटारसायकलवर जाणाऱ्याच्या हाताला बसणाऱ्या हादऱ्यांतून पट्टा पावलं मोजून मोकळा होतो. कोयत्याचं तिसरंच. ऊस बुडख्यातून तोडायचा, वाढं छाटायचं, पाचट सोलायचं, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवायची, अशी पाच वेगळी कामं, पाचांची लय वेगळी. तोडणारा हात उजवा आणि पट्टा डाव्या हातात असला तर घाव दिसतच नाही, दिसतं ते ऊस धरणं. पट्टा उजव्या हातात बांधला आणि चिपची मर्यादा दोन जीवर ठेवली असली, तर घावाचं शिखर मर्यादेला टेकून सपाट कापलं जातं आणि जोराचा घाव व हलका घाव सारखेच दिसतात. तिथं मर्यादा सोळा जीपर्यंत आणि रीडिंग सेकंदाला १०० ठेवावं लागेल. मोळी डोक्यावर नेणाऱ्या बाईचा एक हात वर मोळीला. त्या हातातला पट्टा तिला उभीच समजेल. आणि मुळात ऊसतोडीची मजुरी ठरते टनावर, कारखान्याच्या काट्यावर. तासावर ठरतच नसेल, तर तास मोजून कुणाचं भलं होणार आहे? काट्याविषयी तक्रार असताना मनगटाकडं बोट दाखवणं ही नजर वळवण्याची जुनी युक्ती आहे.

कष्टाचं माप म्हणून कॅलरीचा आकडा पुढं केला जातो, त्यावर फार वेळ घालवायला नको. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ साली सात मनगटी उपकरणं तपासली. सातपैकी सहांचे नाडीचे ठोके पाच टक्क्यांच्या आत बरोबर आले, पण खर्च झालेल्या ऊर्जेत सगळ्यात चांगलं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. ओझं न दिसणाऱ्या यंत्राकडून वेगळी अपेक्षा तरी कशी करणार? साताऱ्यात जन्मलेल्या अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी नीलकंठ रथांबरोबर १९७१ साली माणशी २,२५० कॅलरींवर दारिद्र्याची रेषा आखली, तेव्हा सुखात्म्यांनी हरकत घेतली की एकाच माणसाची गरज दिवसागणिक खालीवर होते, सरासरीखालच्या प्रत्येकाला भुकेला मोजू नका. दांडेकरांनी त्यालाही खणखणीत उत्तर दिलं. कोण बरोबर होतं हा इथला विषय नाही. पण सरासरीचं माप एकेका शरीराला लावताना किती जपावं लागतं, यावर एकाच जिल्ह्यातली दोन माणसं इतक्या तयारीनं भांडली, आणि आज तोच जिल्हा ॲपवरची कॅलरी न विचारता खरी धरतो.

आता दुसऱ्या तटाकडं वळू. पाळतीची भीती खोटी नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात एकमुखानं सांगितलं. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं सातवं कलम नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा देतं. संमती घेतली तरी ती किती खरी? उचल घेऊन आलेला तोडकरी मुकादमाला 'पट्टा नको' म्हणू शकतो का? शिवाय सेकंदाला पन्नास वेळा घेतलेल्या रीडिंगमधून काम सोडून बरंच काही बाहेर पडतं. माणसाची चाल सहीसारखी ओळखता येते, हाताचा कंप दिसतो, बाई दिवसातून किती वेळा आडोशाला गेली तेही दिसतं. हे मुद्दे बिनतोड आहेत.

तरीही 'पाळत नको' एवढ्याच घोषणेवर थांबणं मला पटत नाही. एक तर ही घोषणा यंत्राचं सर्वज्ञपण गृहीत धरते आणि मालकाला फुकटची जाहिरात करून देते. दुसरं म्हणजे मोजमाप हे नेहमी मालकाचंच हत्यार असतं, असं इतिहास सांगत नाही. अमेरिकी अभियंता फ्रेडरिक टेलरनं स्टॉपवॉच घेऊन कामाचे तुकडे मोजायला सुरुवात केली, त्याचं पुस्तक १९११ साली आलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात ओतकाम करणारे कामगार स्टॉपवॉच दिसताच काम टाकून बाहेर पडले. प्रकरण संसदेपर्यंत गेलं आणि १९१५ पासून सरकारी शस्त्र कारखान्यांत स्टॉपवॉचवर पैसे खर्च करायलाच बंदी आली. वेळ मोजण्याइतकाच राग होता मापाचा नमुना कोण ठरवतं याचा. टेलरचं माप 'अव्वल माणसा'वर बेतलेलं, आणि तेच मग सगळ्यांना लागू. पट्ट्यातला नमुना माणूस कोण, हा आपला प्रश्न त्याच घराण्यातला आहे. उलट बाजूनं पाहा. पाटण तालुक्यातून मुंबईला गेलेल्या अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी चळवळीनं १९६९ चा माथाडी कायदा मिळवला, तो नोंदणी आणि हिशेब मालकाच्या वहीतून काढून मंडळाच्या वहीत आणण्यासाठीच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ च्या शिफारशीत पुरुषानं हातानं वाहायच्या वजनाची मर्यादा ५५ किलो सांगितली, आणि शंभर किलोचं पोतं पन्नासवर आणायला आपल्या हमालांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. त्या भांडणात माप कामगाराच्या बाजूनं उभं होतं. हमालाच्या मांडीवर सेन्सर असेल, पोत्याचं वजन तोलाईच्या पावतीवर असेल, तर दिवसात किती वेळा किती ओझं घेऊन तो वाकला हे कागदावर येतं. पाठीच्या दुखण्याची भरपाई मागताना आज त्याच्याकडं काय पुरावा असतो? कण्हणं.

म्हणून भांडण पट्ट्याच्या अटींवर व्हावं. ठेका देण्यापूर्वी इथंच, त्याच कामावर तपासणी करावी. त्यासाठी परदेशी कंपनी लागत नाही. सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, यांच्या प्रयोगशाळांना हे सहज जमेल. निदान तीस-चाळीस कामगार घ्यावेत, बाया आणि पुरुष निम्मे, पन्नाशीपुढचे आणि डावखुरे धरून. सेन्सर मनगटावर आणि मांडीवर दोन्हीकडं. पूर्ण पाळी नोंदवावी. दोन-दोन मिनिटांच्या नाटकी हालचालींवर शिकलेलं मॉडेल दुपारच्या थकलेल्या चालीला ओळखत नाही. सोबत व्हिडिओ हवा, आणि पाळीच्या सुरुवातीला व शेवटी कॅमेऱ्यासमोर तीन टाळ्या. रीडिंगमधले ते तीन टोकदार झटके व्हिडिओशी जुळवले की दोन्ही घड्याळं एका वेळेवर येतात, आणि दिवसभरात सेन्सरचं घड्याळ किती सरकलं तेही समजतं. हे न केल्यामुळं लेबलं सेकंद-दोन सेकंद घसरलेली आणि मॉडेल बिचारं चुकीचं शिकलेलं, असं सर्रास घडतं. लेबलं दोघांनी वेगवेगळी लावावीत, त्यातला एक ते काम स्वतः केलेला असावा, कारण पाचट सोलणं आणि नुसतं उभं राहून ऊस चाळवणं यातला फरक एसीत बसून व्हिडिओ पाहणाऱ्याला कळत नाही. पाणी पिणं, तंबाखू मळणं, मुलाला पाजणं अशा 'यातलं काही नाही' प्रकारासाठी वेगळं लेबल हवं. निकाल सांगताना सरासरी शेवटी सांगावी. आधी सांगावं की सगळ्यात वाईट निकाल कुणाचा आला आणि किती, आणि कोणती क्रिया कोणत्या क्रियेत मिसळली त्याचा पूर्ण तक्ता. सगळ्यात वाईट निकाल आलेल्या कामगाराच्या मजुरीत त्या चुकीनं किती फरक पडेल, तो आकडा रुपयांत लिहावा. टक्क्यांत लिहिलं की वाचणारा पुढं जातो.

यातून पार पडलेल्या पट्ट्यालाही करारात तीन गोष्टी बांधून घालाव्यात. कच्चं रीडिंग कामगाराला किंवा त्याच्या मंडळाला त्याच दिवशी मिळावं. आठ तासांचं सगळं मिळून साडेआठ-नऊ एमबी भरतं, व्हॉट्सॲपवर जाईल एवढं. मालकाकडं फक्त ठरलेला गोषवारा जावा. आणि यंत्र म्हणालं 'बसला होता', कामगार म्हणाला 'नव्हतो', तर सिद्ध करायची जबाबदारी यंत्र बसवणाऱ्यावर असावी. आज नेमकं उलटं होतं. ॲपवर फोटो चढला नाही म्हणून रोजगार हमीच्या मजुराचा दिवस बुडतो, तेव्हा रेंज नव्हती हे सिद्ध कुणी करायचं? त्यानंच.

हे सगळं करत बसलो तर वर्षं जातील, असा आक्षेप येईलच. गळीत हंगाम नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला संपतो. एका हंगामात माहिती गोळा होते, मधल्या पावसाळ्यात लेबलं लागतात आणि मॉडेल शिकतं, पुढच्या हंगामात नव्या टोळ्यांवर, ज्यांना त्यानं कधी पाहिलेलं नाही अशांवर, तपासणी होते. दोन हंगाम. कारखान्याचा काटासुद्धा वैधमापनशास्त्र विभागाकडून तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो, आणि हंगाम जवळ आलाय म्हणून शिक्क्याशिवायचा काटा चालू द्या, असं कुणी उघडपणे म्हणत नाही. मनगटावरच्या काट्याला असा शिक्का मारणारं खातं आज अस्तित्वातच नाही. पट्टे बांधायची घाई असलेल्यांनी आधी त्या खात्याची मागणी करावी.